मेलेल्या यंत्राची मूठ

नाना वारले त्याला वर्ष उलटून गेलं होतं, तरी ऑफिसात त्यांचं नाव रोज निघत होतं. यात नवल नाही. बरीच माणसं गेल्यावरच आठवणीत राहण्याइतकी बरी होतात. नवल एवढंच, की नानांचं नाव माणसं काढत नव्हती. यंत्रं काढत होती, आणि तीही मरताना.

यंत्रं म्हणजे इस्पितळात रुग्णाच्या उशाशी असतात ते मॉनिटर. हिरवी रेघ नाचत असते, आकडे बदलत असतात, आणि काही बिनसलं की कर्णा वाजतो. ते बनवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या डोक्यात काय घालायचं ते ठरवणारं ऑफिस होतं. टेबलं, वायरी, उघडी पोटं घेऊन पडलेली यंत्रं आणि कायम कुणीतरी अर्धवट प्यालेला चहा. नाना तिथले सगळ्यात जुने. त्यांची मुलगीही तिथेच. वशिल्याने लागली, असं म्हणणाऱ्यांनी नानांना पाहिलं नव्हतं. तिच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती आणि संध्याकाळी घरी येऊन, “मिळाली का नोकरी?” असं शेजाऱ्याने विचारावं तसं विचारलं होतं.

मुलीचं काम मेलेल्या यंत्रांचं. मॉनिटर एकाएकी कोसळला, तर त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, ज्याला कर्नल म्हणतात, मरता मरता एक शहाणपणा करतो. त्या क्षणी स्मृतीत जे जे होतं ते जसंच्या तसं एका फाइलीत ओतून ठेवतो. त्या फाइलीला म्हणायचं डंप. माणसाला ही सोय नाही. असती तर वारसांची भांडणं तरी कमी झाली असती; किंवा दुप्पट. तर असे डंप उघडून, यंत्र कशाने गेलं ते सांगणं हे तिचं काम. म्हणून ऑफिसात तिला पोस्टमॉर्टमताई म्हणत, आणि घाईत नुसतं ताई.

नव्या मॉडेलचे मॉनिटर कोसळू लागले. बसल्या जागी पडदा काळा व्हायचा, थोड्या वेळाने यंत्र आपणहून उठून पुन्हा कामाला लागायचं. तेवढ्यात कुणाचं बरंवाईट झालं नव्हतं, पण नर्सेस घाबरल्या होत्या. पहिला डंप आला. ताईने तो उघडला, नेहमीचं टूल चालवलं, आणि पडद्यावर तीन नावं उमटली.

नक्कल_कर.

जागा_आहेस_का.

पडदा_सांभाळ.

मधल्या नावाकडे बघून ताईच्या हातातला पेन खाली पडला. तो उचलून द्यायला शेजारचा जावई वाकला. हा कुणाचाच जावई नव्हता. पण खिडकीजवळची खुर्ची, साहेबांची हसरी चौकशी आणि कामाबद्दल कुणी काही न विचारणं, असा सगळा थाट जावयाचा होता, म्हणून ते नाव.

“अगं, हे तर नाना,” जावई म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मग पांढरी का पडलीस?”

“कारण त्यांना तिथे कुणी बोलावलेलंच नाही.”

याचा उलगडा करायला हवा. यंत्रातला प्रोग्राम म्हणजे छोट्या छोट्या कामगारांची साखळी असते; एक दुसऱ्याला कामाला धाडतो, दुसरा तिसऱ्याला. जाणारा प्रत्येक जण “परत कुठे यायचं” ही चिठ्ठी तारेला टोचून जातो, दुकानात बिलं टोचतात तशी. काम झालं की वरची चिठ्ठी बघून माघारी. त्या चिठ्ठ्यांच्या चवडीला स्टॅक म्हणतात. यंत्र मेलं, की वरून खाली चिठ्ठ्या वाचत जायच्या. कुणी कुणाला धाडलं आणि शेवटी कोण कुठे मेलं ते कळतं. हे वाचणारं टूल नानांनी लिहिलं होतं. त्याला ते ‘उलटतपासणी’ म्हणत.

सगळ्या कामगारांची नावं मराठीत, हाही नानांचाच हट्ट. “कोड यंत्रासाठी लिहितो असं आपल्याला वाटतं,” ते म्हणत, “पण वाचायची पाळी शेजारच्या टेबलावर येते. त्याच्याशी आपल्या भाषेत बोलावं.” त्यातलं ‘जागा_आहेस_का’ त्यांचं सगळ्यात लाडकं. ते दर थोड्या वेळाने कर्ण्याला माणसाला ऐकू येणार नाही इतकी बारीक टिचकी मारायचं आणि उत्तराची वाट बघायचं. उत्तर नाही आलं तर लाल दिवा. कारण कर्णा मेलेला असला, तर ते नेमकं कळतं कधी? तो वाजायला हवा तेव्हा.

पण कोसळलेलं काम पडद्याचं होतं. पडदा_सांभाळच्या कोडात नानांच्या टिचकीला हाक मारलेली कुठेही नव्हती. ताईने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मग खालपासून वरपर्यंत. न बोलावता माणूस तिथे उभा होता.

दुसरा डंप आला. त्यातही नाना. वेगळं शहर, वेगळं इस्पितळ, तिसरा डंप. पुन्हा नाना, त्याच जागी. प्रत्येक मेलेल्या यंत्राच्या तोंडी शेवटचं वाक्य एकच: जागा आहेस का?

ऑफिसात लोक हळू आवाजात बोलू लागले. नानांच्या रिकाम्या टेबलावर टेकून चहा पिणाऱ्या दोघांनी टेकणं सोडलं. जावयाने एकदा तिथे विसरलेला चार्जर दुसऱ्याला आणायला पाठवलं. इंजिनिअर माणसं भुतावर विश्वास ठेवत नाहीत. फक्त त्याच्या वाटेत येत नाहीत.

घरी ताईने आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण जेवताना आईने, “आज गप्प का?” असं दोनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की या घरात कुणी टिकत नसे.

“बाबांचं नाव येतंय. बंद पडलेल्या प्रत्येक मशीनमध्ये.”

आईने चमचा ताटात ठेवला. “बघ बाई,” ती म्हणाली. “जिवंत होते तेव्हा घरी कधी वेळेवर आले नाहीत. गेल्यावर कामाला मात्र रोज हजर.”

“आई, ते खरेच थोडेच येतायत.”

“मी कुठे म्हटलं खरेच? मी म्हटलं हजर.” मग भांडी विसळताना, पाठ फिरवून, “कसे आहेत?”

“बरे असावेत,” ताई म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःवरच चिडली. पण त्या रात्री तिला झोप मात्र छान लागली. आणि दुसऱ्या दिवशी नवा डंप आलाय म्हटल्यावर, कुठल्या तरी उशाशी एक यंत्र मेलंय हे ठाऊक असूनही, ती जिना जरा भरभर चढली.

साहेबांना मात्र भूत परवडत नव्हतं. शुक्रवारी सरकारी तपासणी करणाऱ्या बाई येणार होत्या आणि त्यांना कारण हवं होतं. साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं.

“बैस. हे बघ, नाना मला गुरूसारखे.” ज्या वाक्याची सुरुवात अशी होते, ते पुढे कुठे जातं हे ताईला माहीत होतं. “पण त्यांच्याच टूलने त्यांचंच नाव दिलंय. आता यावर अपील कुठे करणार? मी लिहितोय, दिवंगत सहकाऱ्याच्या कोडमधला दोष. त्यांचं ते जागा-बिगा काढून टाकू सगळ्या मशीनमधून. विषय संपला.”

“साहेब, पडद्याच्या कामात ते येऊच शकत नाहीत.”

“ठेवली असेल कुठेतरी चोरवाट. जुनी माणसं ठेवतात.”

“माझ्या बाबांनी?”

“अगं, तुझे बाबा म्हणून नाही गं. कोड म्हणून म्हणतोय.” साहेबांनी आवाज मऊ केला. “आणि मला सांग, त्यांचं आता काय बिघडणार आहे?”

मेलेल्या माणसाचा मोठा गुण हा, की तो मीटिंगला येत नाही. ताई उठली. “शुक्रवारपर्यंत मला बघू द्या,” ती म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. बघायला कुणाची ना नव्हती, आणि रिपोर्ट तर लिहून झालाच होता.

आता तिला एकच करायचं होतं: आयुष्यभर दुसऱ्याचा कर्णा जागा आहे का हे बघत बसलेल्या माणसाच्या नावावर यंत्रं मारल्याचा ठपका बसू द्यायचा नाही. त्यासाठी मधली चिठ्ठी खोटी ठरवायला हवी होती. टूलवर विसंबणं सोडून तिने डंप हाताने वाचायला घेतला. आकड्यांच्या ओळी, कोरी पानं, झिजलेली पेन्सिल. नानांच्या चिठ्ठीच्या आजूबाजूला त्यांच्या कामाच्या खुणा पडलेल्या होत्या. त्यात टिचकीचा क्रमांक होता, आणि त्याच्या शेजारी कर्ण्याचं उत्तर.

‘हो.’

ताई त्या उत्तराकडे बघत राहिली. कर्ण्याने हो म्हटलं होतं. म्हणजे काम झालेलं होतं. काम झाल्यावर नाना तिथे कशाला थांबतील? ते आले, विचारलं, उत्तर घेतलं आणि माघारी गेले. यंत्र मेलं ते नंतर. पण तार सगळ्या कामांना मिळून एकच, आणि यंत्राच्या स्मृतीत कुणी झाडू मारत नाही. जागा रिकामी झाली तरी जुन्या चिठ्ठ्या तिथेच पडून राहतात, नवी टोचली जाईपर्यंत. उलटतपासणीने त्यातलीच एक उचलली होती. ती चिठ्ठी खरी होती, पण तो क्षण उलटून गेला होता.

ताईला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते असं, की कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय आणि खुर्ची अजून कोमट आहे.

बरं, मग त्या जागी खरा कोण होता?

जुन्या मॉडेलला असं कधी झालं नव्हतं. नव्यात वेगळं काय? प्रोसेसर. नाना गेल्यावर कारखान्याने दुसऱ्या जातीचा प्रोसेसर घेतला होता, आणि प्रत्येक जातीच्या रीती वेगळ्या. जुन्याची रीत, निघालास की चिठ्ठी तारेला टोच. नव्याची रीत जरा ऐटबाज. चिठ्ठी मुठीतच ठेवायची. पुढे आणखी कुणाला धाडायचं असेल तरच तारेला टोचायची. सगळ्यात शेवटचा कामगार, म्हणजे इथे नक्कल_कर, पुढे कुणालाच धाडत नाही, म्हणून तो चिठ्ठी मुठीत धरूनच काम करतो, आणि मेला तर मूठ मिटलेलीच.

उलटतपासणी तार तेवढी वाचत होती. मूठ उघडून बघायला ती शिकलीच नव्हती, कारण तिला शिकवणारा नवा प्रोसेसर यायच्या आधी गेला होता. आणि दुसऱ्या कुणी शिकवलं नाही, कारण शोकसभेत साहेबांनी गहिवरून जाहीर केलं होतं, की नानांचं टूल हेच नानांचं स्मारक, त्यातल्या एका अक्षरालाही कुणी हात लावायचा नाही. फोटो लावायला मोकळी भिंत नव्हती म्हणून हा तोडगा निघाला होता. सगळ्यांनी तो मनापासून पाळला. ताईने सगळ्यांत जास्त.

थोडक्यात, नानांचा आदर करता करता ऑफिसने त्यांच्याच हाताने त्यांच्यावर तक्रार लिहून घेतली होती.

मूठ डंपात सापडते. मरताना प्रोसेसरच्या हातात काय काय होतं, तेही यंत्र लिहून ठेवतं. ताईने तो आकडा शोधला, कोणाच्या पत्त्यावर पडतो ते बघितलं, आणि नाव वाचलं.

दिवा_मंद_कर.

हा तिचाच. रुग्ण झोपला की पडद्याचा उजेड कमी करणारं छोटंसं काम, तिने नव्या मॉडेलसाठी लिहिलेलं. नाव ठेवताना नानांना आवडलं असतं असं वाटलं होतं. पडदा पुरता निजलेला असताना त्याच्यावर चित्राची नक्कल उतरवायची नाही, एवढी एक गोष्ट तपासायची राहून गेली होती. आणि कामासाठी तिने स्टॅकवर भरपूर मोकळी जागा घेऊन ठेवली होती, न झाडता. नानांची शिळी चिठ्ठी पडली होती ती बरोबर तिथे.

ती उठून पाणी प्यायली. परत येऊन पुन्हा वाचलं. तेच नाव.

त्या दिवशी ती घरी लवकर गेली. आई ओट्याशी होती. ताईने स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, तार, मूठ, सगळं. आईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, हेच भीतीदायक होतं.

“म्हणजे,” आई शेवटी म्हणाली, “जिथे तुझं नाव यायचं, तिथे ते येऊन उभे राहत होते.”

“तसं नाही गं. तो योगायोग—”

“प्रत्येक वेळी?”

“जागा एकच आहे म्हणून प्रत्येक वेळी.”

“हं. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडलीस, तेव्हाही असेच दारात उभे राहिले होते. माझ्याकडूनच फुटली म्हणाले. एवढा मोठा माणूस, चेंडू खेळताना फुटली म्हणे.” आईने गॅस बंद केला. “मग राहू दे की त्यांना उभं. साहेब म्हणतात ते खोटं नाही, त्यांचं आता काय जायचंय? तुझं सगळं आयुष्य पडलंय, विभाग हाती यायचाय. ते हेच सांगायला येत होते, तुला कळत नाही.”

खरं तर ताईला हे कळत होतं. जिना भरभर चढायचा तो पाय अजून तिचाच होता. तिने तोंड बंद ठेवलं, तर नाना तिच्यापुढे असेच उभे राहणार होते. डंप येत राहतील, आणि प्रत्येकात ते.

“त्यांचं काम काढून टाकणार आहेत, आई. सगळ्या मशीनमधून.”

“कुठलं काम?”

“कर्ण्याला विचारायचं. मग कर्णा मेलेला असला तरी कुणाला कळणार नाही. आणि माझी चूक तशीच राहील. पडदाही जाईल आणि कर्णाही.”

आई बराच वेळ फडक्याने कोरडाच ओटा पुसत राहिली.

“हे त्यांना नाही चालायचं,” ती म्हणाली. “जा मग. कर काय करायचं ते. पण धक्का देऊन बाजूला नको करूस. सांगून कर.”

दुसऱ्या दिवशी ताईने उलटतपासणीला हात लावला. मूठ आधी उघडायची, मगच तार वाचायची, आणि जी चिठ्ठी हिशेबात बसत नाही ती शिळी समजून सोडून द्यायची. लिहून झालं. चालवायची कळ दाबायच्या आधी ती क्षणभर थांबली आणि पडद्याला म्हणाली, “बाबा, जरा सरकता का?”

“कुणाला म्हणालीस?” खिडकीजवळून जावयाने विचारलं.

“तुला नाही. तू बैस.”

सगळे डंप पुन्हा वाचून झाले. नक्कल_कर, दिवा_मंद_कर, पडदा_सांभाळ. एकाही डंपात नाना नव्हते. इतके दिवस तिथे उभा असलेला माणूस एका शब्दासरशी सरकला, आणि ते बघून ताईच्या अंगावर जो काटा आला, तो नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हाही आला नव्हता.

शुक्रवारी तपासणीच्या बाई आल्या. साहेबांनी रिपोर्ट वाचायला सुरुवात केली. “दिवंगत” या शब्दाशी त्यांनी आवाज योग्य तितका खाली आणला. ताईने हात वर केला आणि नवी यादी भिंतीवर दाखवली.

“यात नाना कुठेत?” साहेबांनी विचारलं.

“नाहीत, साहेब. आधीही नव्हते. काम करून गेलेल्या माणसाचं नाव आपण हजेरीत धरत होतो.”

“मग हे दुसरं, दिवा-बिवा, हे कुणाचं?” बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“माझं.”

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेब ताईकडे असे बघत होते, जसं काही तिने त्यांचा रुमाल घेऊन नाक पुसलं होतं. “अगं पण,” ते म्हणाले, “मी तर लिहून ठेवलंय.”

“मग खोडा,” बाई म्हणाल्या. “आणि ते कर्ण्याला विचारणारं आहे ना, ते काढायचं नाही. हे असं काही तुमच्याकडे आहे याचं मला आश्चर्य वाटतं. दुसरीकडे नसतं.”

साहेबांनी खोडलं. ताईला विभाग मिळणार होता, तो जावयाला मिळाला. तो त्या दिवशी इतका अवघडला, की खिडकीजवळची खुर्ची त्याने ताईला देऊ केली. तिने घेतली नाही. तिथे उन्हाने पडदा दिसत नसे.

राहिली चुकीची दुरुस्ती. पडदा निजलेला असेल तर नक्कल उतरवायची नाही, अशी एक ओळ ताईने लिहिली आणि मंजुरीसाठी नव्या विभागप्रमुखाकडे पाठवली. जावयाने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आला.

“बरोबर आहे. पण ती मोकळी जागा तू अजून तशीच घेतेयस. न झाडता.”

“हो.”

“आधी शून्यांनी पुसून घे ना. म्हणजे शिळं काही पडून राहणार नाही.” तो घुटमळला. “म्हणजे, नाना वगैरे.”

ताईने समोरच्या उघड्या मॉनिटरकडे बघितलं. हिरवी रेघ चालू होती. आतमध्ये कुठेतरी कर्ण्याला टिचकी बसत होती आणि तो हो म्हणत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

“पुसायला वेळ जातो,” ती म्हणाली. “उगाच दर वेळी. आणि तिथलं आता कुणी वाचत नाही.”

दोन्ही कारणं तांत्रिकदृष्ट्या अगदी बिनचूक होती. जावयाने त्यात खोट काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“म्हणजे ते तिथे—”

“येतील, विचारतील, जातील,” ताई म्हणाली. “तू मंजूर कर.”